घरच्या गोठ्याचा इतिहास

संत लूक यांच्या शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख तीनदा येतो. गोठ्याचा एकदाही येत नाही. बैल आणि गाढव तेथे नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले आणि चौथ्या शतकातील ख्रिस्ती शवपेटिकांच्या कोरीव कामात येशूबाळाच्या उशाशी जे उभे राहिले ते कायमचेच. पूर्वेकडचे ज्ञानी लोक संत मत्तयाने आणले. परंतु ते तिघे होते, असे त्यानेही लिहिलेले नाही. मेंढपाळाच्या खांद्यावरचे कोकरू, तळ्यातील बदके, टेकडीवरचे घर, विहिरीवर पाणी भरणारी बाई हे सारे नंतरच्या शतकांत निरनिराळ्या हातांनी आणून ठेवले. नाताळचा गोठा हा असा अनेक हातांनी भरत गेलेला देखावा आहे, आणि त्यांतले फारच थोडे हात नामवंत कलावंतांचे होते. या लेखात आम्हांला त्या इतर हातांचा, म्हणजे गवंडी, मोजे विणणारे कारागीर, कुंभार, आया आणि मुले यांच्या हातांचा मागोवा घ्यायचा आहे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मुलांना जवळ बसवून कागद, माती आणि पेंढा यांचे काहीतरी करणे, यात इतिहास तो काय असणार? परंतु युरोपातील काही प्रदेशांत असे दिवस आले की चर्चची दारे बंद झाली, किंवा चर्चमधून गोठा हद्दपार झाला, आणि तो टिकला तो केवळ घरातल्या ओबडधोबड हस्तकलेमुळे. ही हकिकत आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना फारशी ठाऊक नसते. गोठ्याचा इतिहास सांगताना आपण असिसीकर संत फ्रान्सिसपाशी सुरुवात करतो आणि बहुधा तेथेच थांबतो.

तो आरंभ मात्र सांगितलाच पाहिजे. १२२३ सालच्या नोव्हेंबरच्या २९ तारखेला पोप होनोरियस तिसरे यांनी फ्रान्सिसच्या संघाच्या नियमावलीला मान्यता दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नाताळच्या सुमारे पंधरवडाभर आधी, फ्रान्सिसने ग्रेच्चो या डोंगरी गावातील योहान नावाच्या आपल्या एका स्नेह्याला निरोप पाठवला. बेथलेहेमात बाळाची जी आबाळ झाली ती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता यावी, म्हणून गव्हाण, पेंढा, बैल आणि गाढव यांची तयारी करावी, असा तो निरोप होता. नाताळच्या रात्री आसपासचे लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आले. गव्हाणीपाशी मिस्सा झाली. फ्रान्सिस स्वतः डिकन होता. त्याने शुभवर्तमान गायिले आणि प्रवचन केले. चेलानोच्या थॉमसने पाचसहा वर्षांतच लिहिलेल्या फ्रान्सिसच्या चरित्रात हे सारे आले आहे. या वर्णनात एकही मूर्ती नाही. मरीया नाही, योसेफ नाही. पेंढा खरा होता आणि जनावरे खरी होती. बाकीचे ज्याने त्याने मनाने पाहायचे होते.

मूर्ती लवकरच आल्या. फ्रान्सिस्कन संघातून पोपपदावर गेलेले पहिले पोप निकोलस चौथे यांच्या काळात, १२९१ च्या सुमारास, आर्नोल्फो दि काम्बियो या शिल्पकाराने रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरासाठी गोठ्याच्या दगडी मूर्ती घडवल्या. पुढे जेज्वीट धर्मगुरूंनी हा देखावा धर्मशिक्षणाचे साधन म्हणून उचलून धरला; १५६२ साली प्राग शहरात त्यांनी मांडलेल्या गोठ्याचा उल्लेख नेहमी केला जातो. म्हणजे सुमारे तीन शतकांत ग्रेच्चोचा उघडा डोंगर सुटला आणि गोठा छताखाली, वेदीजवळ, कुशल कारागिरांच्या ताब्यात गेला.

या प्रवासाचा कळस म्हणजे अठराव्या शतकातील नेपल्स. तेथला राजा चार्ल्स बूर्बों याला गोठ्याचे वेड होते, आणि राजाला वेड म्हटल्यावर सरदारांनाही ते लागले. नेपल्सच्या मूर्तींची घडण पाहण्यासारखी असते. डोके, हात व पाय भाजलेल्या मातीचे किंवा लाकडाचे. आतला सांगाडा तारेचा. तारेभोवती तागाचा चोथा गुंडाळून केलेले धड. आणि वरून खरे रेशमी कपडे. त्यांत फळवाले, मासळीवाल्या, खानावळी, वाद्ये वाजवणारे, अगदी तुर्की वादकांचा ताफाही असतो. हे सारे थक्क करणारे आहे. परंतु अशा गोठ्यात येशूबाळ शोधावे लागते, हेही खरे. सरदारांच्या दिवाणखान्यांत हे गोठे पाहुण्यांना दाखवण्यासाठी मांडले जात, आणि ज्याच्या घरी मूर्ती अधिक त्याचा मान अधिक. त्याच नगरात ग्रेगोरियो रोक्को नावाचे एक डोमिनिकन धर्मगुरू गरिबांच्या गल्ल्यांतून हिंडत होते आणि प्रत्येक घरात, मग तो कितीही साधा असो, गोठा असावा असा आग्रह धरीत होते. आम्हांला राजापेक्षा या फादर रोक्कोंचे ऋण मोठे वाटते.

यानंतर आली हद्दपारी, आणि तीही एका कॅथलिक सम्राटाच्या हातून. ऑस्ट्रियाचा सम्राट जोसेफ दुसरा हा सुधारणावादी होता. धर्म बुद्धीला पटेल असा, आटोपशीर आणि राज्याला उपयोगी असावा, असे त्याचे मत होते. त्याने शेकडो मठ बंद केले. चर्चमध्ये कोणत्या प्रसंगी किती मेणबत्त्या लावाव्यात येथपर्यंत त्याच्या सरकारचे नियम गेले. १७८२ साली चर्चमध्ये गोठे मांडण्यास मनाई झाली. बाहुल्यांचा हा खेळ प्रौढ श्रद्धेला शोभत नाही, असा त्यामागचा विचार. सम्राटाच्या हेतूंविषयी इतिहासकार काहीही म्हणोत, टिरोलच्या डोंगरी खेड्यांतील शेतकऱ्यांनी त्याला फार साधे उत्तर दिले. त्यांनी गोठा घरी नेला. ज्यांना चर्चच्या मूर्ती मिळाल्या त्यांनी त्या ठेवल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी हिवाळ्याच्या लांब रात्री चुलीपाशी बसून लाकडाच्या कोरल्या, किंवा जाड कागदावर रंगवून कापल्या. हिमाने शेती बंद असताना हातांना दुसरे काम नसते. पुढे मनाई सैल झाली आणि चर्चमध्ये गोठे परतले, तरी घरचे गोठे काही घराबाहेर गेले नाहीत. इन्सब्रुकजवळच्या ताउर यांसारख्या गावांत नाताळनंतर लोक एकमेकांच्या घरी गोठे पाहत हिंडतात. नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गोठे पाहायला निघणाऱ्या आमच्याकडील मुलांना ही चाल परकी वाटणार नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांताची कथा याहून कठोर आहे. राज्यक्रांतीच्या ऐन भरात, १७९३ आणि १७९४ मध्ये, चर्चे बंद झाली, घंटा उतरवल्या गेल्या, मध्यरात्रीच्या मिस्सा थांबल्या. नाताळ आला तरी जायला जागा नव्हती. तेव्हा लोकांनी दारे लावून घेतली आणि घरात गोठा मांडला. मूर्ती कशाच्या? कोणी कागदाच्या लगद्याच्या केल्या, कोणी पावाचा गर मळून केल्या. मार्सेल शहरात झाँ-लुई लान्येल (१७६४–१८२२) नावाचा एक मूर्तिकार होता. त्याने या घरगुती गरजेसाठी एक युक्ती काढली. मूळ मूर्ती मातीत घडवायची, तिच्यावरून प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा घ्यायचा, आणि त्या साच्यात ओली माती अंगठ्याने दाबून एकामागून एक लहान मूर्ती काढायच्या. दोन अर्धे जोडायचे, कडेची फाजील माती सुरीने छिलायची, मूर्ती वाळवायची आणि रंगवायची. भट्टीचा खर्च नाही. वीतभरही उंची नाही. गरिबाला परवडेल अशी किंमत. या मूर्तींना तेथल्या बोलीत ‘सांतों’, म्हणजे छोटे संत, म्हणतात.

त्या छोट्या संतांत संत कोण? मरीया, योसेफ आणि बाळ सोडले तर कोणीच नाही. पिठाचे पोते घेतलेला गिरणीवाला आहे, सुऱ्यांना धार लावणारा आहे, टोपलीत मासे घेतलेली कोळीण आहे, ढोलकी आणि बासरी एकाच वेळी वाजवणारा वादक आहे. प्रत्येक जण आपापल्या धंद्यातली वस्तू बाळाला भेट म्हणून आणतो. एकाच्या हातात मात्र काहीच नसते. त्याला ‘रावी’ म्हणतात. हा गावचा भोळसट माणूस. त्याने दोन्ही हात वर करून आश्चर्य तेवढे आणलेले असते. लान्येलने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी आपल्या गल्लीतली माणसेच मातीत उतरवली, आणि ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या पोशाखात बेथलेहेमला पोहोचली. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे, असे आमचे मत आहे. १८०१ साली नेपोलियन आणि पोप पायस सातवे यांच्यात करार झाला, चर्चे उघडली, आणि १८०३ मध्ये मार्सेलला सांतोंची पहिली जत्रा भरली. ती जत्रा आजही डिसेंबरात भरते. प्रोव्हान्समधली मुले त्याआधी कुटुंबाबरोबर टेकड्यांवर जाऊन शेवाळे आणि काटक्या गोळा करतात, आणि ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, बशीत ओल्या कापसावर गहू पेरतात. नाताळपर्यंत तो हिरवागार उगवतो आणि गोठ्यापाशी ठेवला जातो.

वाचकांना येथे थबकल्यासारखे होईल. आमच्याकडेही डिसेंबरच्या आरंभी गहू किंवा नाचणी भिजवून पसरट भांड्यात माती घालून पेरतात आणि त्या कोवळ्या रोपांचे कुरण गोठ्यासमोर मांडतात. हे प्रोव्हान्सहून आले असे आम्ही म्हणत नाही. दाणा पेरून पंधरवड्यात हिरवळ करणे ही शेतकऱ्याच्या कोणत्याही घरात सुचावी अशी गोष्ट आहे. पण चार वर्षांच्या मुलाला गोठ्यातले दुसरे काही जमले नाही तरी पाणी शिंपडणे जमते, आणि रोज सकाळी उठून अंकुर किती वाढले हे पाहताना त्याचा आगमनकाळ खरोखर वाट पाहण्यात जातो.

मध्य युरोपात घरच्या गोठ्याने काही माणसांची आयुष्येच व्यापली. चेक प्रदेशातील यिंद्रिखूव ह्रादेत्स या गावी तोमाश क्रीझा (१८३८–१९१८) हे मोजे विणण्याचा धंदा करीत. त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ एकच गोठा वाढवत नेला. पीठ, प्लॅस्टर आणि सरस यांच्या मिश्रणातून त्यांनी सुमारे चौदाशे आकृती घडवल्या. त्यांपैकी शंभराहून अधिक हलतात. तो गोठा आज त्या गावच्या संग्रहालयात आहे. त्झेबेखोवित्से गावचे योसेफ प्रोबोश्त यांचा लाकडी गोठाही असाच. त्यात दोन हजारांवर कोरलेले भाग आहेत आणि तो घडायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. प्रोबोश्त यांनी ते एकट्याने केले नाही. मूर्ती कोरायला योसेफ कापुत्सियान होते आणि यंत्ररचनेला योसेफ फ्रिम्ल होते. तीन मित्र आणि तिघांचेही नाव योसेफ, हा योग गमतीचा खरा. हा गोठा १९६७ साली कॅनडातील माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला. तो आरंभताना असले काही कोणाच्या स्वप्नातही नसणार.

पोलंडमधील क्राकूव्ह शहरात वेगळेच घडले. तेथे गोठ्यात कळसूत्री बाहुल्यांचे खेळ होऊ लागले होते. मेंढपाळांच्या तोंडी विनोद आले, हेरोद राजाच्या मरणाला टाळ्या पडू लागल्या, आणि अठराव्या शतकात चर्चने हा गोंधळ देवळाबाहेर काढला. बाहेर पडलेला गोठा उपनगरातल्या गवंड्यांनी उचलला. हिवाळ्यात बांधकाम बंद, मजुरी बंद. मग पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या आणि चकचकीत रंगीत कागद घेऊन ते गोठे तयार करीत आणि नाताळात घरोघर गाणी म्हणत नेत. त्यांच्या हाताखाली बेथलेहेमच्या गोठ्याला क्राकूव्हच्या मरीयामंदिराचे मनोरे फुटले. गवंडीच ते, त्यांना छप्पर म्हटले की मनोरा सुचणारच. मिखाउ एझेनेकिएर या गवंड्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेला गोठा पुढच्या सर्वांना नमुना झाला. पहिल्या महायुद्धानंतर ही चाल क्षीण होऊ लागली, तेव्हा येझी डोबझित्स्की यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९३७ मध्ये गोठ्यांची पहिली स्पर्धा भरली. दुसऱ्या महायुद्धात ती थांबली आणि १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१८ साली युनेस्कोने या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. या स्पर्धेत मुलांचे वेगळे गट असतात, आणि तेथली कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात.

आमच्या भूमीचा संबंध या कथेशी संत फ्रान्सिसच्याच वाटेने येतो. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन संघाच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पण करणारे वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे त्याच संघाचे बंधू होते. मराठी भाषेतून ख्रिस्तजन्माची कथा सविस्तर रंगवण्याचे काम जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणाने केले. चर्चमध्ये आणि घरी त्याचे वाचन होत असे. शब्दांतून मांडलेला गोठाच तो.

घरातला गोठा मात्र आमच्या शेतावाडीने घडवला. भात झोडून झाले की पेंढा हाताशी असतोच. केळीच्या वाडीत वाळलेले सोपट मिळते. त्याची भिंत छान होते. माडाच्या झावळ्यांचे छप्पर विणता येते. डोंगर करायचा तर जाड तपकिरी कागद चुरगळावा, मैद्याच्या खळीत भिजवावा आणि डब्यांच्या उतरंडीवर वाळू द्यावा. वाळला की तो खडकासारखा ताठ होतो. फुटक्या आरशाच्या कडा वाळूत दडवल्या की तळे होते. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवून वाळवला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत होते. गावातल्या कुंभाराकडून मातीचा गोळा आणला तर मेंढ्या मुलांनी कराव्यात. चार पाय आणि एक डोके एवढे जमले की मेंढी ओळखू येते. न जमले तर ती बसलेली मेंढी समजावी.

गोठ्यावरचा तारा हे यातले सर्वांत अवघड काम, आणि बहुधा थोरल्या मुलांचे. बांबूच्या पाच सारख्या लांबीच्या कामट्या एकमेकींत गुंतवून पाच टोकांची चांदणी बांधायची; तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची, आणि मग आतल्या पाच कोनांत बोटभर काड्या आडव्या खोचायच्या. त्या काड्या बसताच सपाट चांदणी फुगते आणि आत दिव्याला जागा होते. वरून पतंगाचा कागद. फिलिपाइन्समधील कॅथलिक कुटुंबे आपला ‘पारोल’ हा कंदील याच रीतीने बांधतात. जर्मनीतील मोरावियन पंथीयांचा प्रसिद्ध बहुकोनी कागदी ताराही एकोणिसाव्या शतकात नीस्की गावच्या त्यांच्या शाळेत भूमितीच्या अभ्यासातून निघाला. आमच्याकडे ज्या मुलाला वहीत पंचकोन काढता येत नाही तोही कामट्यांचा पंचकोन अचूक बांधतो, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

ही हस्तकला आज क्षीण होत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तयार मूर्तींचा संच, तयार छप्पर, तयार दिव्यांची माळ असे सारे एका पेटीत मिळते; अर्ध्या तासात गोठा उभा राहतो आणि मुले तो पाहतात. दोष केवळ बाजाराचा नाही. आमच्या स्पर्धांनीही हात लावला आहे. बक्षिसाच्या ओढीने गोठा मुलांच्या हातून काढून तरुण मंडळांनी घेतला, थर्माकोलचे राजवाडे उभे राहिले, आणि नेपल्सच्या दिवाणखान्यांत जे झाले तेच लहान प्रमाणावर आमच्या अंगणांत झाले. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हा आमच्यापैकी काहींना पुन्हा पेंढा आठवला. त्यानंतर दोनच वर्षांनी आमचीही दारे बंद झाली. २०२० च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत महामारीमुळे चर्चे बंद राहिली, आणि त्या नाताळात महानगरपालिकांच्या हद्दीत रात्री अकरापासून संचारबंदी होती. प्रोव्हान्सच्या लोकांचा छळ आणि आमची गैरसोय यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही घरात कोंडलेल्या मुलांना कात्री आणि खळ देऊन कामाला लावणाऱ्या आईबापांनी लान्येलच्या काळातील आईबापांचेच काम केले.

त्याच्या आदल्या वर्षी, १ डिसेंबर २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस ग्रेच्चोला गेले होते आणि तेथेच त्यांनी गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर सही केली. घरोघर गोठा तयार करण्याच्या प्रथेला त्यात त्यांनी मनःपूर्वक उत्तेजन दिले आहे, आणि गोठ्यात शुभवर्तमानाशी संबंध नसलेल्या आकृती मुले व मोठी माणसे हौसेने ठेवतात, त्याचेही स्वागत केले आहे. आमच्या घरांतील एका नेहमीच्या वादाचा निकाल त्यामुळे लागावा. नातवंडाने मेंढपाळांच्या रांगेत एस.टी.ची लाल बस उभी केली की आजोबा ती उचलून बाजूला ठेवतात, आणि संध्याकाळपर्यंत ती परत येते. गिरणीवाला आणि कोळीण जेथे पोहोचली तेथे एस.टी. का जाऊ नये? निदान त्या आडवळणाच्या गावी जाणारी तीच एक गाडी असेल.

प्रकटीकरणाचा सण होईपर्यंत मुले तिन्ही राजांना रोज बोटभर पुढे सरकवतात. मग गोठा आवरायचा. मूर्ती कागदात गुंडाळून पेटीत जातात, तारा माळ्यावर जातो, उगवलेला गहू परसात लावला जातो. ज्यांच्याकडे अद्याप गुरे आहेत ते पेंढा त्यांच्यापुढे टाकतात. ग्रेच्चोच्या गव्हाणीतला पेंढाही लोकांनी जपून ठेवला होता, आणि तो आजारी गुरांना चारला, असे चेलानोच्या थॉमसने लिहून ठेवले आहे.